पहिली आवृत्ती : मालकी आणि साक्ष

१

पहिल्या आवृत्तीचे महत्त्व कशात असते, हा प्रश्न वरकरणी ग्रंथसंग्राहकांचा आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाला संहितेशी कर्तव्य. ती कोणत्या कागदावर, कोणत्या साली आणि किती प्रतींत छापली गेली हा तपशील गौण, अशी समजूत मराठी समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्या विचाराने ही समजूत अधिकच दृढ केली. तथापि ‘पहिली आवृत्ती’ या शब्दप्रयोगातील ‘पहिली’ हे विशेषण क्रमवाचक म्हणून सुरू होते आणि पाहता पाहता मूल्यवाचक बनते. हे मूल्य कोणाचे, कोणी ठरवलेले आणि कोणाच्या उपयोगाचे, असे विचारले की प्रश्न बाजाराच्या कक्षेतून नीतिविचाराच्या कक्षेत येतो.

ज्या समाजात ही संग्राहकवृत्ती शास्त्राच्या पातळीवर पोहोचली, त्या अमेरिकेचे उदाहरण प्रथम घेणे सोयीचे होईल. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर या प्रकाशनसंस्थेने काढली. तिचे पहिले मुद्रण ओळखण्याची एक खूण म्हणजे पृष्ठ २०५ वरील एक मुद्रणदोष. पुस्तकाच्या कागदी वेष्टनावर, मागील बाजूस, नायकाच्या नावाचे आद्याक्षर मोठ्या लिपीऐवजी लहान लिपीत पडले होते. बहुतेक प्रतींवर ते शाईने हाताने दुरुस्त केलेले आढळते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ (१९२६) या कादंबरीच्या पहिल्या मुद्रणात पृष्ठ १८१ वर एका इंग्रजी शब्दात ‘पी’ हे अक्षर दोनदा यावयाचे ते तीनदा आले आहे. १९३० पासून स्क्रिबनरने पहिल्या मुद्रणाच्या स्वामित्वहक्क-पृष्ठावर ‘ए’ हे अक्षर छापण्याची पद्धत सुरू केली आणि ओळख काहीशी सोपी झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकांबाबत मात्र संग्राहकाला चुकांचाच आधार घ्यावा लागतो.

येथे एक विरोधाभास आहे. लेखकाला जी चूक नकोशी होती, जी पुढच्या मुद्रणात त्याने किंवा प्रकाशकाने काढून टाकली, तीच संग्राहकाच्या दृष्टीने प्रतीच्या अस्सलपणाचे प्रमाण ठरते. लेखकाचा हेतू आणि वस्तूचे मोल ही दोन निकषसूत्रे परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात. या विरोधाची नैतिक बाजू तपासण्यासाठी मराठी मुलखातील एक उदाहरण विशेष उपयोगी आहे. येवला येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी उच्चारले गेलेले एक वाक्य आणि १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत पुस्तकरूपाने प्रकट झालेले, पण कधीही न झालेले एक भाषण, असे त्या उदाहरणाचे दोन भाग आहेत.

२

त्याआधी मराठी ग्रंथव्यवहारात ‘आवृत्ती’ या शब्दाचे काय झाले, ते पाहिले पाहिजे. आवृत्ती म्हणजे नव्याने जुळवलेली, लेखकाने वा संपादकाने पुन्हा पाहिलेली संहिता. आणि मुद्रण म्हणजे त्याच जुळणीवरून पुन्हा काढलेल्या प्रती, हा भेद शास्त्रीय आहे. मराठी प्रकाशनव्यवहारात तो फार थोड्या ठिकाणी पाळला जातो. एका अक्षराचाही बदल नसलेले पुनर्मुद्रण ‘तिसरी आवृत्ती’ म्हणून येते आणि लेखकाने आमूलाग्र बदललेली संहिता कधी कधी केवळ ‘पुनर्मुद्रण’ म्हणून. जुन्या पुस्तकांवर कधी शक, कधी इसवी सन, कधी नुसताच मुद्रणालयाचा पत्ता आढळतो. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी अधिनियमाने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व मुद्रणस्थळाचे, आणि पुस्तक प्रकाशित होत असेल तर प्रकाशकाचे व प्रकाशनस्थळाचे नाव छापणे बंधनकारक केले होते. सरकारचा हेतू नजर ठेवण्याचा होता. अभ्यासकाच्या हाती मात्र त्यातून कालनिश्चितीचे एक साधन आले. १ मार्च २०२४ पासून हा अधिनियम इतिहासजमा झाला, आणि त्याच्या जागी आलेला कायदा केवळ नियतकालिकांपुरता आहे. दीडशे वर्षांच्या मराठी ग्रंथांची साक्ष मात्र त्या एका ओळीत अजूनही शिल्लक आहे.

येवल्याच्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. पैठणी हातमागावरची की यंत्रावरची, हे ठरवताना जाणकार पदर उलटा करून पाहतो. हाताने विणलेल्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या कापडावर मागे सुटे धागे लोंबत असतात. पुस्तकाचा जाणकारही शीर्षकपृष्ठ उलटून मागची बाजू वाचतो. दोन्ही ठिकाणी पारख मागच्या बाजूने होते, कारण पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी सजवलेली असते. मात्र पैठणीच्या बाबतीत पारख झाली की प्रश्न संपतो. पुस्तकाच्या बाबतीत तो तेथे सुरू होतो, कारण ‘अस्सल प्रत’ आणि ‘प्रमाण संहिता’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

३

मराठी वाङ्मयपरंपरेने या दोहोंपैकी कशाला अग्रमान दिला? ज्ञानेश्वरीचे उदाहरण बोलके आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या पाठात तीन शतकांत अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये असा इशाराही दिला. वारकरी परंपरेने ही शुद्ध प्रत स्वीकारली. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या हस्तलिखिताच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा प्राचीनतेचा दावा आणि परंपरेने मान्य केलेला पाठ समोरासमोर आले. अभ्यासकांनी राजवाडे प्रतीचे भाषिक महत्त्व मानले. पारायणाची संहिता मात्र बदलली नाही. वि. स. सुकथनकरांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम उभे केले, त्यातही व्यासांची ‘पहिली प्रत’ मिळवण्याचा दावा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येणारा प्राचीनतम पाठ, एवढेच त्यांचे नम्र उद्दिष्ट होते.

पाश्चात्त्य पाठचिकित्सेतही हा वाद वेगळ्या रूपात आढळतो. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास असे मांडले, की विरामचिन्हे, लेखनपद्धती यांसारख्या बाह्य अंगांसाठी लेखकाच्या हस्तलिखिताला निकटतम असलेली आद्य संहिता आधारभूत धरावी. आशयगत बदल मात्र लेखकाचे असल्याची खात्री असेल तर पुढच्या आवृत्तीतून स्वीकारावेत. जेरोम मॅगन यांनी १९८३ मध्ये या साऱ्या विचारामागील एकाकी लेखकाच्या कल्पनेवरच आक्षेप घेतला. संहिता ही लेखक, प्रकाशक, मुद्रक आणि वाचक यांच्या सामाजिक व्यवहारातून घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे आद्यता, लेखकाचा अंतिम हेतू आणि सामाजिक घडण असे तीन निकष अभ्यासकासमोर आहेत. तिन्हींची कसोटी पाहण्यासाठी आता १९३५-३६ कडे वळता येईल.

४

येवल्याच्या दलितवर्गीय परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. नाशिकच्या काळाराम मंदिरप्रवेशासाठी १९३० पासून चाललेल्या सत्याग्रहाचा अनुभव तिच्या मागे होता. ही प्रतिज्ञा मराठीतून, समोरच्या जनसमुदायाला उद्देशून उच्चारली गेली. तिचे शब्द वृत्तपत्रांच्या वृत्तांतातून, भाषांतरांतून आणि ऐकणाऱ्यांच्या स्मृतीतून पुढे आले. त्यामुळे वेगवेगळ्या पुस्तकांत ते थोड्याफार फरकाने आढळतात. ग्रंथविद्येच्या भाषेत बोलायचे तर या वाक्याला पहिली आवृत्तीच नाही. असे असूनही त्याच्या अस्सलपणाविषयी कोणी शंका घेत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, एकवीस वर्षे आणि एक दिवस लोटल्यावर, नागपूर येथे ते वाक्य कृतीत उतरले. येथे संहितेचे प्रामाण्य पाठावरून सिद्ध होत नाही, वचनपूर्तीवरून होते.

येवल्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ डिसेंबर १९३५ चे एक पत्र लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या संतराम यांच्याकडून आंबेडकरांना आले. मंडळाच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारावे, अशी विनंती त्यात होती. भाषण इंग्रजीत लिहून तयार झाले. एप्रिल १९३६ मध्ये आंबेडकर अमृतसरच्या शीख परिषदेला उपस्थित राहिले आणि मंडळातील अस्वस्थता वाढली. भाषणातील काही भाग, विशेषतः वेदप्रामाण्यावरील टीका आणि धर्मांतराच्या निश्चयाचा उल्लेख, गाळावा असे सुचवण्यात आले. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद होऊ शकली नाही. मग आंबेडकरांनी ते भाषण, मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहारासह, स्वखर्चाने प्रसिद्ध केले. हेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्याच्या प्रास्ताविकाखाली १५ मे १९३६ ही तारीख आहे.

येवला आणि लाहोर यांचे नाते असे आहे. येवल्यात शब्द उच्चारला गेला, पण त्याची प्रमाण मुद्रित प्रत नाही. लाहोरसाठी लिहिलेला शब्द मुद्रित झाला, पण उच्चारला गेला नाही. एकाची साक्ष कृतीत आहे, दुसऱ्याची कागदावर. दुसऱ्याला कागदाचा आश्रय घ्यावा लागला याचे एक महत्त्वाचे कारण पहिलेच आहे, कारण येवल्याच्या निश्चयाची पुनरुक्ती ज्या भागात होती तो मंडळाला नको होता. येवल्याचा श्रोता मात्र या इंग्रजी पुस्तकाचा अभिप्रेत वाचक नव्हता. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते मुख्यत्वे हिंदू समाजासाठी होते असे लेखक स्वतःच सांगतो. आपल्या लोकांसाठी त्याने ३१ मे १९३६ रोजी मुंबईत मराठीतून ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. म्हणून मराठी अभ्यासकाने ‘पहिली आवृत्ती’ म्हणताना कोणत्या भाषेतील आणि कोणत्या वाचकासाठी, हेही विचारले पाहिजे.

५

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची पहिली आवृत्ती कशी ओळखावी? गांधीजींनी ‘हरिजन’च्या जुलै १९३६ च्या अंकांत या पुस्तकाचा परामर्श घेतला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी दोन परिशिष्टे जोडली. पहिल्यात गांधीजींचे ते लेख आणि संतराम यांना लिहिलेले पत्र, दुसऱ्यात त्यांना दिलेले उत्तर. म्हणून ज्या प्रतीत गांधीजींचे लेख आहेत ती मे १९३६ ची असू शकत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. १९४४ ची तिसरी आवृत्ती दुसरीचे पुनर्मुद्रण आहे, असे तिच्या प्रस्तावनेत लेखकच नमूद करतो. ‘आवृत्ती’ व ‘मुद्रण’ यांतील भेद त्याने तेथे कटाक्षाने पाळला आहे.

गॅट्सबीची पहिली प्रत तिच्या चुकीवरून ओळखली जाते. हे पुस्तक त्यात अद्याप जे आलेले नाही त्यावरून. पहिल्या आवृत्तीत प्रतिपक्षाचा आवाज नाही, कारण तो अजून उमटलेला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने तो स्वतःच्या पुस्तकात पूर्णपणे छापला आणि मगच उत्तर दिले. वादपद्धतीची नीती या दृष्टीने पाहता दुसरी आवृत्ती पहिलीहून समृद्ध आहे. पूर्वपक्ष यथार्थ मांडल्यावाचून उत्तरपक्ष मांडू नये, हा भारतीय शास्त्रार्थाचा दंडक तिने पाळला. पहिलेपणा म्हणजे श्रेष्ठत्व नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मग पहिल्या आवृत्तीला काय उरते? येथे लेखकाचाच एक निर्णय मार्गदर्शक आहे. भाषणाचे रूप टाकून हा मजकूर सरळ निबंधरूपात लिहावा, अशी सूचना त्याला करण्यात आली होती. इतिहास आणि आवाहनाची परिणामकारकता या कारणांसाठी त्याने ती नाकारली. कधीही न झालेल्या सभेतील श्रोत्यांना उद्देशून केलेली संबोधने म्हणून तशीच राहिली. १९४४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली वाचलेला आणि ‘इंडियन अँटिक्वरी’च्या मे १९१७ च्या अंकात आलेला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध यात सामावून घेण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. वेळेअभावी ती राहून गेली. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात दोन्ही निबंध एकत्र आले. पण एका बांधणीत, एका संहितेत नव्हे. लेखकाचा ‘अंतिम हेतू’ येथे अपूर्णच आहे. अशा वेळी पहिली आवृत्ती एका विशिष्ट नकाराची साक्ष देते. एका संस्थेने काय गाळायला सांगितले आणि एका लेखकाने काय गाळले नाही, हे पत्रव्यवहार व भाषण यांच्या मूळ सान्निध्यात ती दाखवते. तिचे मूल्य या साक्षीत आहे.

६

साक्ष कोणाच्या मालकीची असू शकते काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे. या पुस्तकाच्या बाबतीत किंमत हा जन्मापासूनच वादाचा विषय होता. पहिल्या आवृत्तीची किंमत आठ आणे होती. गांधीजींनी आपल्या लेखात ती दोन आणे, निदान चार आणे करावी असे सुचवले. विचारांशी तीव्र मतभेद असलेल्या टीकाकारालाही हे पुस्तक अधिक लोकांच्या हाती जावे असे वाटले. लेखकाच्याच सांगण्यानुसार १५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. दोन आणे की आठ आणे असा वाद जिच्यावर झाला, ती प्रत आज दुर्मीळ वस्तू म्हणून लिलावाच्या वाटेला लागू शकते. जातिसंस्थेच्या निर्मूलनासाठी लिहिलेले पुस्तक मूठभरांच्या मालकीचे मानचिन्ह व्हावे, यातील विपरीतता लक्षात न येणे अवघड आहे.

संग्राहकाच्या परिभाषेत ज्या प्रतीला वाचकाचा हात लागलेला नाही, जिची पाने कापलेलीही नाहीत, ती उत्तम. अधोरेखित केलेली, हाताळून मऊ झालेली प्रत हीन. स्पर्शाने मोल घटते, हा या प्रतवारीचा पायाभूत सिद्धांत आहे. हा सिद्धांत कोणत्या पुस्तकाला लावला जात आहे, याचे भान ठेवले तर अधिक भाष्याची गरज उरत नाही. ज्या प्रतीच्या समासात कोणी पेन्सिलीने प्रश्न लिहिले, जी वसतिगृहात वा चाळीच्या खोलीत हातोहात फिरली, ती प्रत या पुस्तकाच्या हेतूला अधिक प्रामाणिक आहे. ग्रंथसूचीकाराने अशा खुणा दोष म्हणून न नोंदवता वाचनाचा पुरावा म्हणून नोंदवाव्यात. डी. एफ. मकेन्झी यांनी १९८५ च्या व्याख्यानांत ग्रंथविद्येला संहितांचे समाजशास्त्र म्हटले, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

तरीही संग्राहकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून प्रश्न सुटत नाही. मराठीतील पुस्तिका, परिषदांची भाषणे, जलशांची पदे स्वस्त कागदावर छापली गेली आणि पावसाळे, वाळवी व उपेक्षा यांनी ती नष्ट केली. जे वाचले त्यातील मोठा वाटा व्यक्तिगत संग्रहांचा आहे. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ मध्येच यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलावस्तूचे तेजोवलय क्षीण होते असे प्रतिपादन केले; परंतु त्यांनीच १९३१ मध्ये स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी जिव्हाळ्याने लिहिले होते. आंबेडकर स्वतः जुन्या पुस्तकांचे व्यासंगी ग्राहक होते. १९१७ साली विलायतेहून परतताना त्यांचे ग्रंथ व सामान ज्या जहाजाने निघाले ते पाणतीराने बुडाले. पुस्तक या वस्तूचे नष्ट होणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. संग्रहाची आस्था आणि मालकीची हाव या दोन वृत्ती बाहेरून सारख्या दिसतात. त्यांतील भेद एका प्रश्नाने उघड होतो : संग्राहक दुसऱ्याला ती प्रत पाहू देतो की नाही?

कायद्यानेही हा भेद आता अधिक स्पष्ट केला आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे आंबेडकरांनी हयातीत प्रकाशित केलेल्या लेखनाची संहिता १ जानेवारी २०१७ पासून भारतात सर्वांची झाली. ती छापण्यास, भाषांतरित करण्यास कोणाच्याही अनुमतीची आवश्यकता नाही. मालकी उरली ती केवळ वस्तूवर. पण पाठ ताडून पाहण्याचा प्रसंग येतो तेव्हा पुरावा त्या वस्तूतच असतो. सर्वांची असलेली संहिता शुद्ध राखण्याचे साधन थोड्यांच्या कपाटात आहे, अशी ही परिस्थिती आहे. म्हणून पहिल्या आवृत्तीचा धनी हा न्यासधारकाच्या भूमिकेत असतो, असे मानणे भाग आहे. वस्तू जपणे, तिच्याविषयी खरे सांगणे आणि अभ्यासकाला ती उपलब्ध करून देणे ही त्याची तीन कर्तव्ये. यांतील दुसरे कर्तव्य सर्वांत दुर्लक्षित आहे. पुनर्मुद्रणाला ‘प्रथमावृत्ती’ म्हणून विकणे ही व्यापारातील लबाडी खरीच, पण त्याखेरीज ती एका ऐतिहासिक घटनेविषयी दिलेली खोटी साक्षही असते.

७

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आद्यता हे स्वतंत्र मूल्य नाही. एकनाथांची शुद्ध प्रत आणि आंबेडकरांची दुसरी आवृत्ती यांनी नंतर येणाऱ्या संहितेचा अधिकार सिद्ध केला आहे. दुसरी, आद्यतेची उपेक्षाही समर्थनीय नाही. कारण शब्द कोणत्या क्षणी, कोणत्या दबावाखाली आणि कोणती किंमत देऊन प्रकट झाला, हे केवळ पहिली प्रतच सांगू शकते. संहितेच्या स्वायत्ततेवर विसंबणाऱ्या समीक्षेला हा क्षण दिसत नाही. वस्तूच्या दुर्मीळतेवर विसंबणाऱ्या बाजाराला तो दिसतो, पण तो त्याची फक्त किंमत करतो.

येवल्यात ज्या जागी १९३५ ची परिषद भरली, ती आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. तेथे १३ ऑक्टोबरला जमणाऱ्या माणसांजवळ त्या वाक्याची पहिली प्रत नसते, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचे शब्दही अगदी एकसारखे नसतात. पाठभेदांनी त्या वाक्याचे काही बिघडलेले नाही. लाहोरच्या न झालेल्या भाषणाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येणार नाही. ते ऐकलेला एकही श्रोता नव्हता. त्याची सारी भिस्त १९३६ च्या त्या पानांवर होती आणि आहे. ज्यांच्या कपाटात ती पाने आहेत, त्यांनी हे विसरता कामा नये.